पेटीमास्तर कीबोर्ड निवडतात

“मग यातला कुठला घ्यायचा, मास्तर?”

यशोधन कुंभोजेने दोन कीबोर्ड चटईवर ठेवले आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असल्याच्या थाटात मागे रेलून बसला.

तो गावच्या शाळेत संगणक शिकवायचा. लहानपणी अमीनुद्दीन मास्तरांकडे तो पेटी शिकायला यायचा. पेटी काही आली नाही, पण कुठलंही मोठं काम काढलं की मास्तरांना विचारून यायची सवय मात्र राहिली. आता विचारायचं म्हणजे बहुतेक वेळा आपलं ठरलेलं ऐकवायचं, एवढंच.

मास्तरांनी चष्मा लावला.

यशोधननेच सुरुवात केली. संगणकाच्या खोलीत सगळे वर्ग पाळीपाळीने येतात. एका कीबोर्डवर दिवसभरात पाचवीपासून दहावीपर्यंतचे हात पडतात. बटणं निखळतात, फटीत चिक्कीचा चुरा जातो, बाटलीतलं पाणी सांडतं. दोनदा नवे घेतले, दोन्ही वेळा वाट लागली. आता संस्थेने बजावलं होतं की ही शेवटची खरेदी. हेही मोडले तर संगणक उचलायचे आणि त्या खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायची.

“पोती ठेवू देणार नाही मी,” यशोधन म्हणाला. “काय वाट्टेल ते झालं तरी नाही.”

हे तो अगदी पोटतिडकीने बोलला. तेवढ्यापुरतं त्याचं कौतुकच करायला हवं.

मग त्याने पहिला कीबोर्ड पुढे सरकवला. काळा, जाडजूड, चहूबाजूंनी बंद. पाणी ओता, टेबलावरून पाडा, त्याला ढिम्म काही होत नाही. दोन्ही त्याने स्वतः करून पाहिलं होतं. फक्त किंमत अशी की निम्म्याच संगणकांना पुरले असते. उरलेल्या मुलांनी मागे उभं राहून बघायचं.

दुसरा अगदी साधा. स्वस्त, सगळ्या संगणकांना पुरणारा. पाठीला स्क्रू, आणि नख घातलं की बटण निघून हातात.

“हा आठवड्यात खिळखिळा होणार,” यशोधन म्हणाला. “हा नुसता तुलनेला आणलाय.”

मास्तरांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले.

“कुणी मोडला तर काय करतोस?”

“त्याला बाहेर काढतो. वर्षभर खोलीत पाऊल टाकायचं नाही. नियमच आहे माझा.”

“बरीच पोरं बाहेर असतील.”

यशोधन चटईची कड सरळ करू लागला.

“शेवटी कोण गेलं?”

“सातवीतली एक. राजश्री कोष्टी.” यशोधन म्हणाला. “हात सगळ्यांत चांगला होता तिचा. खाली न बघता टाइप करायची.”

“आणि मोडलं काय?”

“एक बटण निघालं. मला सांगितलं नाही तिनं. डब्यातल्या भाताचं शीत लावून चिकटवलं. मग मुंग्या लागल्या.”

मास्तर खळखळून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“आणि सांगितलं असतं तर?”

“तरी बाहेरच. नियम म्हणजे नियम.”

“मग शीतच बरं की.”

यशोधनचा चेहरा उतरला. मास्तर आपली थट्टा करताहेत हे त्याला कळलं, आणि ती झोंबलीही. मुलांचं नुकसान व्हावं असं त्याच्या मनात कधीच नव्हतं. खोली वाचवायची, एवढाच त्याचा ध्यास होता.

मास्तरांनी जाडजूड कीबोर्ड त्याच्या हातात दिला.

“एक बटण काढ याचं.”

“निघत नाही, मास्तर. तेच तर…”

“आत घाण गेली तर?”

“जातच नाही.”

“गेली तर?”

यशोधनने तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “तर टाकून द्यायचा.”

मास्तरांनी तो खोक्यात घालून झाकण लावलं. साधा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि हरभरे सोलावेत तसं नखाने एकेक बटण काढू लागले. टप… टप… चटईवर ढीग झाला. यशोधनने हात पुढे केला, पण मास्तरांचा हात धरायचा धीर त्याला झाला नाही.

“मास्तर, हा दुकानात परत द्यायचा होता.”

“आता नाही द्यायचा,” म्हणत मास्तरांनी ढीग त्याच्याकडे ढकलला. “लाव.”

वरची आकड्यांची ओळ त्याने पटापट लावली. अक्षरांपाशी मात्र गाडी अडली. इतकी वर्षं रोज टाइप करणारा हा माणूस, पण कुठलं अक्षर कुणाच्या शेजारी बसतं ते आठवेना. शेवटी त्याने डोळे मिटले, हवेतच स्वतःचं नाव टाइप केलं, आणि बोटं जिथे गेली तिथे बटण बसवलं. एक चुकलं. काढलं, पुन्हा लावलं. सगळ्यांत लांब बटण बसवताना त्याला घाम फुटला. बसवता बसवता रिकाम्या जागांत दुकानातली धूळ दिसली. ती त्याने आपल्याच रुमालाने पुसून घेतली.

मास्तर चहा पीत बसले होते.

सगळी लावून झाल्यावर यशोधनने एकदा पूर्ण कीबोर्डवरून बोटं फिरवली.

“मोडला नाही,” तो म्हणाला. त्यालाच नवल वाटलं होतं.

“हूं.”

“पण पोरं रोज काढतील, मास्तर.”

“काढतील.”

“हरवतील.”

“हरवतील.”

“मग टिकणार कसा?”

मास्तरांनी कोपऱ्यातली पेटी ओढली. गावातली दोन पिढ्यांची पोरं याच पेटीवर शिकली होती. मास्तरांकडे रीतच अशी की नव्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी सूर धरायचा नाही. पेटी उघडायची, पट्ट्या उचलायच्या, खालचा केर पुसायचा आणि पट्ट्या होत्या तशा ठेवायच्या. यशोधननेही ते केलं होतं. मास्तर फुकटात साफसफाई करून घेतात, अशी त्याची तेव्हाची समजूत होती.

मास्तरांनी झाकण उघडलं. मधली एक पट्टी वेगळ्याच लाकडाची होती, इतरांपेक्षा उजळ. तिच्या पलीकडे आणखी एक. टोकाला अजून एक, जरा वाकडी तासलेली.

त्यांनी उजळ पट्टीवर बोट ठेवलं.

“ही कुणी मोडली होती?”

यशोधन वाकून बघत राहिला. लहानपणीच्या सगळ्या सोबत्यांचे चेहरे त्याने आठवून पाहिले.

“मला आठवत नाही, मास्तर… मीच होतो का?”

“मलाही आठवत नाही.”

यशोधनने त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

मग तो उठला. साधा कीबोर्ड त्याने काखोटीला मारला. जाडजूड कीबोर्डचं खोकं दुसऱ्या हातात घेतलं, दुकानात परत द्यायला.

“संस्थेपुढे उभा राहून सांगतो,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज पक्का होता. “हे मोडणार. रोज मोडणार आणि रोज दुरुस्त होणार. पण खोली मिळायची नाही म्हणावं. पोती न्या दुसरीकडे.”

मास्तरांनी मान हलवली.

दारापाशी चपला घालताना तो वळला.

“राजश्रीला उद्याच बोलावतो. माफ केलं म्हणून सांगतो.”

मास्तर पेटीच्या पट्ट्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“माफी नको देऊस,” ते म्हणाले. “स्क्रू-ड्रायव्हर दे.”