दगडी पावलांची हेमकळा

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांसारख्या बोलत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, वसुमती नावाची राणी होती. पाठशाळेत लेक रडते म्हणून तिनं हेमकळेला घरी आणलं, आणि काय सांगावं, महालातच पाठशाळा थाटली! तीच घंटा, तोच धाक. आगीतून फुफाट्यात पडली बिचारी पोर.

त्या राजकुळाला मांत्रिकाचा शाप होता: भीतीनं घोकलेला धडा पोराला दगड करील. राणीला वाटे, शाप पाठशाळेपुरताच. एके सकाळी पाटावर बसून पाढे म्हणता म्हणता हेमकळेची पावलं दगड झाली. राणीनं हंबरडा फोडला.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, सूर्य मावळायच्या आत पोरीनं तीन कामं करावीत. मोजावं, मापावं, शिकवावं. भ्याली की दगड वर चढेल. गळ्याशी पोचला की सारं संपलं."

राणीनं चिंचोके ओतले. "मोज! चुकलीस तर बघ!" झालं! दगड कमरेपर्यंत चढला. राणीनं जीभ चावली, मांडी घालून समोर बसली आणि मूठ पुढे केली. "सांग, एकी की बेकी?" हेमकळेचे डोळे लुकलुकले. मूठ-मूठ जिंकत ती शंभरापर्यंत कधी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. दगड गुडघ्यांवर उतरला.

मग भातुकली मांडली. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. बाहुलीचे पाहुणे दुप्पट झाले, तेव्हा हेमकळाच म्हणाली, "आई, आता पाणी चार वाट्या. नाहीतर भात कच्चा राहील!" दगड घोट्यांवर आला.

ऊन कललं. "आता मी पंतोजी, तू मुलगी," हेमकळेनं फर्मावलं. भातुकलीतली पळी उगारून ती ओरडली, "बारा साते किती? हात पुढे कर!" आवाज हुबेहूब राणीचा, कपाळावरची आठीसुद्धा राणीचीच. तिनं हात पुढे केला. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले.

हेमकळेनं पळी खाली ठेवली. "भ्यालीस का ग? मीही अशीच भ्यायचे. सोपं आहे. दहा साते सत्तर, वर दोन साते चौदा. मिळव बघू."

"चौऱ्याऐंशी," राणी हुंदका देत म्हणाली.

"शाब्बास, बाळ!"

शाप तिथंच सुटला. राणीनं ती पुन्हा उबदार झालेली पावलं छातीशी धरली. "चुकलं ग माझं," ती म्हणाली.

"असू दे. पंतोजी रागावलेले नाहीत," असं म्हणून हेमकळा अंगणात पळाली, आणि राणी तिच्या मागून.