दमलेली परी आणि चमचा चमचा पाणी

डोंगराच्या पायथ्याशी, पायवाट जिथे दमून थांबते, तिथे पेरूची एक मोठी बाग होती. बागेच्या कुंपणाला टेकून एक इवलंसं घर उभं होतं. भिंती गेरूच्या, दार निळं, आणि छपरावर भोपळ्याचा वेल. वेलाची पिवळी पिवळी फुलं सकाळी उमलली की लांबून वाटे, कुणीतरी छपरावर छोट्या छोट्या पणत्या मांडून ठेवल्यात. पण घरातल्या माणसांना वर बघायला सवड नसे. ती सगळी दमलेली असत.

या घरात सोनकी नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायची. तिचे वडील लाकडांच्या तराफ्यांबरोबर नदीने खाली गेले होते; ते दिवाळीलाच येत. आई सूर्य उगवताना बागेच्या पलीकडच्या टोकाला कामाला जायची आणि सूर्य मावळला की परत यायची. घरात वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आत्या असायची, आणि अकरा महिन्यांचा चिमण. सोनकी रोज सकाळी कळशी कळशीने पेरूच्या रोपांना पाणी घालायची. कळशी तिच्या कमरेपेक्षा मोठी होती.

त्या आठवड्यात चिमणचं पोट बिघडलं. दोन दिवस त्याला जुलाब होत होते. आधी तो खूप रडला, मग थोडं रडला, आणि आज सकाळी तो नुसता पडून होता.

"वन्सं, जरा पाजते त्याला," कामाला निघताना आई म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली दोन काळी वर्तुळं होती.

"पाज की. आणि मी बसते दिवसभर दुपटी धूत," आत्या म्हणाली. "आधीच खालून पाणी चाललंय, त्यात वरून आणखी ओतायचं? त्याच्या पोटाला विसावा दे जरा. टाळू बसलीय त्याची. मी तेल भरते, म्हणजे येईल वर."

आत्या वाईट नव्हती. तिने गावातली पाच लेकरं वाढवली होती, आणि गेल्या दोन रात्री ती चिमणजवळ बसून होती. आईच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. ती मान खाली घालून गेली. आत्याने दीड पळी खोबरेल तेल चिमणच्या डोक्यावरच्या मऊ खळग्यात हळूच ओतलं.

सोनकी कळशी घेऊन बागेत गेली. शेवटच्या रोपाला पाणी घालून झाल्यावर ती तिथेच खाली बसली आणि रडू लागली.

"रडतेस की दमलीस?" कुणीतरी विचारलं.

"दोन्ही," सोनकी म्हणाली.

"मग बस. मीही बसते."

सोनकीने वर बघितलं. पेरूच्या पानावर एक चिमुकली परी बसली होती. तिचा झगा दुधासारखा पांढरा होता आणि पंखांत दवाचे सगळे रंग होते: निळा, गुलाबी, हिरवट सोनेरी, आणि आणखी एक, ज्याला काय म्हणायचं ते नीट सांगता येत नाही. पण एका पंखाची कड झिजली होती. परीने आपले इवले पाय एका दवबिंदूत बुडवून ठेवले होते आणि डोळे मिटले होते.

"तू खरी परी आहेस?"

"आहे. आज जरा चुरगळलीय. सात गावांची लेकरं माझ्याकडे, आणि सातही गावांत पोटं बिघडलीत." परीने एक डोळा उघडला. "एक इच्छा माग. पण दोन अटी आहेत. जे माणसांच्या हातांनी होतं ते मी करत नाही, माझे पंख पुरत नाहीत. आणि तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, स्वतःच्या हातांनी चाचपलेलं, तेवढंच मला ऐकू येतं. बाकीचं बोललीस तर मला नुसते तुझे ओठ हललेले दिसतात."

"माझ्या भावाला बरं कर," सोनकी म्हणाली.

"ओठ हलले."

"तो आजारी आहे."

"पुन्हा हलले."

"आत्या म्हणते त्याला दृष्ट लागलीय, आणि त्याची टाळू बसलीय, आणि पाणी दिलं की जुलाब वाढतात."

"या वेळी फार वेळ हलले," परी जांभई देत म्हणाली. "जा, त्याच्याकडे नीट बघून ये. आधी साबणाने हात धू, चिखलाने माखलेत. मग डोक्यापासून पायापर्यंत बघ. ज्याला बोलता येत नाही, त्याचं सगळं अंग बोलत असतं. आपण घाई केली की ते ऐकायचं राहून जातं."

सोनकी घरी गेली. आत्या चुलीपाशी बसल्या बसल्या पेंगत होती. सोनकीने हात धुतले आणि ती चिमणजवळ वाकली. चिमणला ती रोज बघत होती, कडेवर घेत होती, खेळवत होती. पण इतकं सावकाश तिने त्याला कधीच बघितलं नव्हतं. तिला भीती वाटली. तरी तिने बघणं थांबवलं नाही.

परत आल्यावर ती धापा टाकत सांगू लागली.

"त्याचे डोळे आत गेलेत."

त्या शब्दांची एक निळी ठिणगी झाली आणि परीच्या तळहातावर येऊन बसली. "हे ऐकू आलं. पुढे?"

"रडतो, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. जीभ कोरडी आहे, माझ्या बोटाला चिकटली." जांभळी ठिणगी, मग लाल. "पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट झाली नाही. आणि कालपासून त्याचं एकही दुपटं शूने भिजलेलं नाही. मीच वाळत घालते, म्हणून मला माहीत आहे." तळहातावर आता लखलखणारा एक छोटासा पुंजका झाला. "आणि टाळूत तेल आहे. काल एक पळी घातली तर ते ओघळून कपाळावर आलं होतं. आज दीड पळी घातलीय, आणि ते तिथेच उभं आहे. तळ्यासारखं."

शेवटची ठिणगी सोनेरी होती आणि सगळ्यांत मोठी. परी सरळ बसली.

"मग त्याला काय झालंय?"

सोनकीने आपण पाणी घातलेल्या रोपांकडे बघितलं. मागच्या महिन्यात कळशी फुटली होती तेव्हा दोन दिवस रोपांना पाणी मिळालं नव्हतं, आणि पानं मऊ पडून खाली लोंबली होती.

"त्याला तहान लागलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "तो आतून वाळतोय. त्याला पाणी दे. हीच माझी इच्छा."

"पाणी हातांनी पाजता येतं," परी म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, नुसता थकलेला होता. "ऐक. एक लिटर पाणी उकळून गार कर. त्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघ, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून दे आणि पुन्हा कर. चमच्याने पाज, घोट घोट. उलटी केली तर घाबरू नकोस. अंगण झाडून होईल इतका वेळ थांब, आणि पुन्हा सुरू कर, आणखी हळू. आईचं दूध बंद करू नका. आणि सोनकी, तो पिईनासा झाला, किंवा हाक मारूनही जागा होईना, तर माझी वाट बघू नकोस. त्याला उचला आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात जा. तिथल्या नर्सताईंना माझ्यापेक्षा जास्त येतं."

घरी साखरेचा डबा उघडल्याचा आवाज ऐकून आत्या जागी झाली.

"काय चाललंय?"

"चिमणला पाणी करतेय."

"ठेव तो डबा. मी पाच पोरं वाढवली, तू किती वाढवलीस?"

 आत्याला उलट बोलायची सोनकीला सवय नव्हती. "तू वाढवलीस, आत्या. मी कुठे नाही म्हणते. पण एकदा त्याच्या टाळूत बोट घालून बघ ना. काल तेल किती मावलं होतं?"

"पळीभर. त्यातलंही सांडलं."

"आणि आज?"

आत्या उत्तर देणार होती, पण थांबली. ती चिमणजवळ गेली. तिने पदराने ते तेल टिपून घेतलं आणि आपलं सुरकुतलेलं बोट त्या खळग्यावर अलगद ठेवलं. 

"खोल गेलीय," ती म्हणाली.

"वरून तेल भरून ती वर येत नाही, आत्या. पाणी आतून गेलंय."

आत्या खाली बसली. ती एकदम खूप म्हातारी दिसू लागली. "आणि जुलाब वाढले म्हणजे?"

"गळक्या कळशीत पाणी घालायचं थांबवलं तर ती रिकामीच होते. मी रोज भरते ना."

आत्याने चुलीत लाकूड सारलं. "पातेलं मोठं घे," ती म्हणाली. "त्या लहान पातेल्यात लिटरभर मावायचं नाही."

पाणी उकळलं. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून त्यांनी ते गार केलं. सोनकीने चव घेतली, आत्याने चव घेतली. पहिला चमचा चिमणच्या ओठांना लागला तेव्हा त्याने डोळे उघडले. दुसऱ्या चमच्याला त्याने जीभ बाहेर काढली. सोनकीला इतका आनंद झाला की तिने वाटीच त्याच्या तोंडाला लावली. चिमण गटागटा प्याला आणि सगळं सोनकीच्या अंगावर ओकला.

"झालं," आत्या म्हणाली.

 सोनकी उठली, तिने केरसुणी घेतली आणि सगळं अंगण झाडलं. एरवी झाडते त्यापेक्षाही सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग हात धुऊन ती पुन्हा बसली आणि चमचा उचलला.

एक चमचा. थांबायचं. एक चमचा. थांबायचं. ऊन अंगणातून ओट्यावर आलं, ओट्यावरून भिंतीवर चढलं. भोपळ्याची फुलं मिटली. सोनकीचा हात खांद्यापासून बधिर झाला, मग ती डाव्या हाताने पाजू लागली. दोनदा तिला बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि दोन्ही वेळा आत्याने तिच्या हातातून चमचा घेतला. जुलाब अजून होतच होते. आत्या न बोलता दुपटी बदलत होती, धूत होती आणि प्रत्येक जुलाबानंतर वाटीत आणखी पाणी काढत होती.

दुपार कलली तेव्हा सोनकी वाटी भरायला उठली. चमचा यायला उशीर झाला म्हणून चिमण रागावला आणि त्याने भोकाड पसरलं. त्याच्या गालावरून एक टपोरा थेंब खाली आला.

"आत्या," सोनकी म्हणाली, "बघ."

आत्याने तो थेंब बोटावर घेतला, आणि तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. "रड रे राजा," ती म्हणाली. "हवं तेवढं रड."

सूर्य मावळताना आई धावत आली. वाटभर ती काय काय विचार करत आली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आत्याने चिमणला उचलून तिच्या मांडीवर दिलं. "पाज त्याला," ती म्हणाली. "मी सकाळी चुकले."

चिमण चुटूचुटू दूध पिऊ लागला. थोड्या वेळाने आईने खाली बघितलं. चिमणच्या शूने तिचं लुगडं मांडीवर ओलं झालं होतं, गरम आणि चांगलं हातभर. कुणालाच हसू की रडू ते कळेना.

सोनकी कुंपणापाशी गेली. पेरूच्या पानांतून शेवटची केशरी किरणं गळत होती, आणि परी तिथेच होती.

"तुझी इच्छा शिल्लक आहे," परी म्हणाली. "माग."

सोनकीने विचार केला. तिच्या डोक्यात काहीच येईना. "मला झोप दे," ती म्हणाली.

"अशा वेळी राजवाडा मागतात गं."

"राजवाडा झाडावा लागतो."

परी हसली. तिचे पंख हलले तेव्हा पानांवर निळे, गुलाबी आणि सोनेरी कण उडाले. "सात गावं फिरले," ती म्हणाली, "आणि आज हे एकच मागणं असं मिळालं जे हातांनी करता येत नाही. दिली." तिने सोनकीच्या पापण्यांना एकेकदा बोट लावलं. मग तिचा पांढरा झगा उजळला, पंख उजळले, झिजलेली कडही उजळली, आणि सगळी परी एका मऊ उजेडात विरघळून गेली. उजेड पानापानांवरून घरंगळत बागभर पसरला आणि शांत झाला.

तिथेच झोपी गेलेल्या सोनकीला आत्याने कुंपणापासून उचलून आणलं. सकाळ झाली तरी तिला कुणी हाक मारली नाही. आई त्या दिवशी घरीच राहिली आणि चिमणला चमच्याने पाजत बसली. रोपांना पाणी आत्याने घातलं, कंबर धरून, कळशीला नावं ठेवत. कोंबडा दारात येऊन मान ताठ करू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आवाज न करता परसात गेला. ऊन वर चढून सोनकीच्या तोंडावर येऊ लागलं. आत्याने आपलं धुतलेलं हिरवं लुगडं आणलं आणि निळ्या दारावर आडवं वाळत घातलं, म्हणजे आत सावली राहील.