डुकरांच्या उड्डाणाबाबत

विषय : वेळणगड संस्थानच्या सलामीत दोन तोफांची वाढ मिळणेबाबत. संदर्भ : इंग्रज एजंटसाहेबांचे उत्तर, "डुकरे उडतील तेव्हा."

उपरोक्त उत्तर ऐकून महाराज अजिंक्यराव टुणकन उठले.

"अखेर अट कळली! आता फक्त डुकरे उडवायची!"

इंग्रजीत याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो, हे कारभारी त्र्यंबकपंतांना ठाऊक होते. पण महाराजांची चूक दाखवणे दरबारात कोणाच्याच हुद्द्यात बसत नव्हते. पंत फक्त खोकले. मागे मुसळधार पावसाविषयी साहेबाने "इथे कुत्री-मांजरे पडताहेत" असे लिहिले, तेव्हा महाराजांनी बारा जाळी आणि दोन हंडे दूध पाठवले होते. थट्टा पुरे, या अर्थाने त्याने "माझा पाय ओढू नका" असे लिहिले, तेव्हा वेळणगडातल्या कोणीही साहेबाच्या पायाला हात लावलेला नाही, असे प्रतिज्ञापत्र गेले. पंत तेव्हाही खोकले होते.

गावाबाहेर अकरा डुकरे पाळणाऱ्या हणमाची मुलगी गोजरा हिला बोलावणे गेले.

"गुरुवारी माझ्यादेखत तुझी डुकरे उडाली पाहिजेत! नाहीतर अकराही जप्त, आणि तुम्ही बापलेक हद्दपार!"

"उडतील की, सरकार! पण तवर त्यांना राजवाड्यातला शिरा लागंल. अंग हलकं होतंया."

शिरा मंजूर झाला.

गुरुवारी महाराजांची स्वारी चौकात आली. शिंग वाजताच तटावरचे गवंडी शिड्यांवरून भराभर उतरले आणि माडीवरच्या बायका खाली आल्या. महाराजांच्या डोक्याहून उंच कोणी असायचे नाही, हा वेळणगडचा जुना नियम. गोजरा अकरा तुकतुकीत डुकरे घेऊन पुढे झाली.

"उडव!"

"उडवते. पण आधी सरकारांनी उडावं!"

"मी?"

"मग? ते गवंडी का उतरले? माझं डुक्कर सरकारांच्या डोक्यावर गेलं, तर गुन्हा नव्हं का? सरकार वर, मग डुकरं खालोखाल!"

"मग खालून उडव! माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर!"

"गुडघ्याएवढ्या उंचीवर तर ती चालतात, सरकार! त्यात काय बघायचं?"

"नियम आजच्यापुरता रद्द!"

"बरं. डुकरं वर चाललीत, तर गवंड्यांनापण परत वर चढू द्या. ती तर माणसं हैत!"

महाराजांनी गवंड्यांकडे पाहिले. गवंड्यांनी शिडीकडे पाहिले. महाराज हळूच म्हणाले, "पंत, डुकरे काही उडायची नाहीत. म्हणजे साहेबाने मला सरळ 'नाही' म्हटले आहे काय?"

पंत या वेळी खोकले नाहीत. "होय, सरकार."

 महाराज हसत सुटले! पगडी घरंगळली, तरी हसू थांबेना.

"पोरी, मला उडवायला निघालीस!"

गोजराच्या डुकरांना नदीकाठचे कुरण कायमचे मिळाले. शिवाय, इंग्रजी पत्रावर हुकूम काढण्यापूर्वी तिचे मत घ्यावे, असे ठरले. तिला इंग्रजी मुळीच येत नाही, ही पात्रता विशेष ठरली.

त्याच दिवशी साहेबांना पत्र गेले : "डुकरे उड्डाणास सज्ज आहेत. तथापि दरबारी रिवाजानुसार प्रथम महाराजांचे उड्डाण होणे आवश्यक आहे. ती व्यवस्था आपल्या कार्यालयाने करावी, ही विनंती."

पत्राची पोच आली आहे. अर्ज प्रलंबित आहे.