जोडपरांचा शाप

एका राज्यात, जिथे राजवाड्याहून तळ्यालाच अधिक मान, मणिध्वज नावाचा राजा होता. हौसेला मोल नाही म्हणतात ना, तशातली गत. तळ्यातला प्रत्येक मासा बाणासारखा सडसडीत दिसावा, ही त्याची हौस. म्हणून दर पौर्णिमेला चांदीची कात्री निघे आणि माशांच्या छातीचे व पोटाचे जोडीजोडीने असणारे पर, म्हणजे जोडपर, कापले जात. "शेपटी पोहते, बाकी सारी लुडबुड," असे राजा म्हणे. दरबार मान डोलावी. दरबाराला दुसरे काम काय!

एकदा त्या कात्रीत तळ्याची चेटकीण मत्स्यरूपाने सापडली. तिने शाप दिला, "राजा, तुझी लेकही अशीच पोहेल!"

तत्क्षणी राजकन्या मेखलेची मासोळी झाली, जोडपर नसलेली. शेपटी हलवताच ती सुसाट सुटे. पण वळता येईना, थांबता येईना. कोलांट्या खात ती घाटाच्या दगडांवर आपटे. पाणी लाल झाले. राजा ऊर बडवू लागला.

वेळूवरचा खंड्या पक्षी बोलला, "महाराज, रडून लेक वाचत नाही. तळाशी म्हातारा रोहू आहे, त्याला विचारा."

राजाने बुडी मारली. रोहू म्हणाला, "तीन कामे. पहिले, कात्री दे."

राजाने दिली, रोहूने गिळली. मेखलेला छातीचे दोन पर फुटले. ती वळू लागली, पण थांबायला गेली की उलटी होई.

"दुसरे. तू कापलेला एकेक मासा ओंजळीत सरळ धर, त्याला नवे पर फुटेपर्यंत."

सात दिवस राजा गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला. शेवटचा मासा सुटला, तेव्हा मेखलेला पोटाचे पर फुटले आणि तिचा तोल सावरला.

"तिसरे. लेक काठाचा चिखल चढून येईल. तू हात लावायचा नाहीस. आमचाच एक पूर्वज परांवर भार टाकून असा चढला, म्हणून तुम्हाला हातपाय मिळाले."

मेखला चढली, घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. तिचा श्वास कोंडला. राजाने आपले हात पाठीमागे घट्ट धरले, ओठ चावून रक्त काढले. तिसऱ्यांदा तिने चारी पर चिखलात रोवले. परांना बोटे फुटली, शाप गळून पडला.

ती राजाकडे धावत सुटली. राजाने डोळे मिटले, आता आपटणार! पण तीन पावलांवर पावले थबकली.

"तात, पाहा. मला थांबता येते."

मग कुठे राजाने हात पुढे केले.