चहाच्या डोंगरावरचा नकार

"ही उदबत्ती विझायच्या आत उत्तर आलं पाहिजे! नाहीतर उद्या सकाळी पालखी दारात!"

असं म्हणून पंडित फेंगनं शुएलानच्या अंगणात उदबत्ती रोवली. बाजूला खुर्ची टाकून खुद्द वेनशान राजा बसला होता. सात राण्या झाल्या होत्या, पण हौस काही फिटली नव्हती! चीन देशातल्या त्याच्या त्या डोंगराळ राज्यात चहाची पानं खुडताना ही पोर गात होती. राजानं ते गाणं ऐकलं आणि गडी तिथंच विरघळला.

तिथली रीत मोठी नाजूक. मागणी घालायची ती कवितेतून, आणि उत्तरही कवितेतूनच. वर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द समोरच्याच्या कवितेतला हवा, तोही त्याच क्रमानं. फेंगनं आपल्याकडून आणखी एक पाचर मारली होती. "उत्तरात 'नाही' नको, 'नको' नको आणि महाराजांचा अपमानही नको!"

आता नकार द्यायचा तरी कसा? शुएलानला तर जायचंच नव्हतं. महालात गेलं की डोंगर सुटला, मैत्रिणी सुटल्या, म्हातारा बाप एकटा पडला.

बाप कानाशी पुटपुटला, "पोरी, आपल्याला कुठलं कवित्व जमतंय?"

फेंगनं घसा खाकरून राजाची कविता वाचली:

"चंद्र उभा आहे माझ्या सोन्याच्या दारात,
ये, तुझा नाजूक हात दे माझ्या हातात.
पिंजरा रत्नांचा, डाळिंबाचे दाणे गोड,
मैने, जन्मभर गात राहा माझ्या घरात!"

"वा! वा!" फेंगनं स्वतःच मान डोलावली.

शुएलाननं कविता ऐकली आणि तिचा जीव भांड्यात पडला. अरे, एवढंच होय! एका उतारावरच्या बायकांनी गाणं टाकायचं आणि समोरच्या उतारावरच्यांनी त्यांचेच शेवटचे शब्द घेऊन ते परतवायचं, हा तर चहा खुडणारणींचा रोजचा खेळ. पंडितांना वाटे, ही विद्या फक्त दरबारातली! डोंगर चढायचे कष्ट त्यांनी कधी घेतलेच नव्हते.

उदबत्ती अर्धीही जळली नव्हती. शुएलान कमरेच्या फडक्याला हात पुसत उभी राहिली आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाली:

"चंद्र तोच रोज येतो माझ्याही दारात,
चहाची कोवळी पानं शोभतात माझ्या हातात.
रानात गाते मैना, म्हणून लागते गोड,
दुरून ऐकावं महाराजांनी, बसून त्यांच्या घरात!"

राजाचा चेहरा पडला. ते पाहून फेंगची पाचावर धारण बसली. राजाचा मूड गेला की पहिली गदा पंडितावर!

तो टाळ्या पिटत ओरडला, "अभिनंदन महाराज! हा तर होकार! 'हातात' म्हणाली, 'गोड' म्हणाली, 'घरात'सुद्धा म्हणाली! आणखी काय हवं?"

"अहो पंडितजी, ते शब्द महाराजांचेच आहेत. मी फक्त परत केले!"

"लाजते आहे, महाराज!"

राजाचा चेहरा पुन्हा खुलला. "म्हणजे होकार?"

आली का पंचाईत! जे बोलावं त्याचा हा बाबा होकार करणार. शुएलाननं क्षणभर विचार केला आणि हात जोडले. "बरं महाराज, होकार तर होकार."

बापानं कपाळाला हात लावला. फेंग तर पालखीवाल्यांना हाक मारायला निघालाच.

"थांबा की!" शुएलान म्हणाली. "होकार माझ्या कवितेतला ना? मग तो जसाच्या तसा पाळायचा. मैना रानात गाणार, म्हणजे मी इथंच. आणि महाराज दुरून ऐकणार, त्यांच्या घरात बसून. पालखी आणाच पंडितजी, महाराजांना घरी जायला लागेल!"

राजा बघतच राहिला. "अगं, मग हा नकार धरला तर?"

"तरी मी इथंच आणि आपण महालात. दोन्हींत वाट एकच, महाराज. आणि ती उताराची आहे!"

राजाच्या मिशा थरथरल्या. फेंगनं डोळे मिटून घेतले. आणि राजा असा खदखदून हसला, असा हसला, की खुर्चीसकट मागे कलंडला!

"हरलो बुवा!" तो डोळे पुसत म्हणाला. "सात राण्यांनी मिळून मला असं घरी बसवलं नव्हतं! आजपासून हा सगळा डोंगर तुझा. आणि लग्न कर तुझ्या मनाला येईल त्याच्याशी, मनाला येईल तेव्हा!"

मग तो फेंगकडे वळला. "पंडित, तुला होकार-नकार अजून कळत नाही. हंगाम संपेपर्यंत इथंच राहा आणि या बायकांकडून कविता शिक!"

पालखी डोंगर उतरू लागली. आतून राजाच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि वर शुएलान फेंगच्या पाठीवर चहाची टोपली बांधत होती.