शेठजींचे पोहे

एकदा एका विद्यार्थ्याला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण शुल्क भरायला घरात काही नव्हते. सोमवारपर्यंत सोय झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. तेवढ्यात गावातल्या एका व्यापाऱ्याने चारही वर्षांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. विद्यार्थी आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन आनंदाने त्याच्या घरी गेला.

व्यापाऱ्याने गुणपत्रिकेकडे पाहिलेही नाही. "गुणांचं काय घेऊन बसलात मास्तर! माणूस महत्त्वाचा," असे म्हणून त्याने विद्यार्थ्याचे गोत्र विचारले, जन्मवेळ विचारली, उंचीही विचारली. उंचीचा अभियांत्रिकीशी संबंध काय, हे गुरुजींना उमगेना. मग व्यापाऱ्याची मुलगी नवी साडी नेसून, मान खाली घालून पोह्यांच्या बश्या घेऊन आली. विद्यार्थ्याने चमचा उचलताच गुरुजींनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. "याचं पोट बिघडलंय," असे सांगून ते त्याला घेऊन बाहेर पडले.

"गुरुजी, माझं पोट ठणठणीत आहे! आणि जागा गेली तर? शेठजींनी जन्मवेळसुद्धा किती आपुलकीनं विचारली. वाढदिवसाला काही द्यायचं असेल."

"वाढदिवसाला तारीख पुरते. वेळ लागते ती पत्रिकेला."

गुरुजींनी त्याला तालुक्याच्या शिष्यवृत्ती मंडळात नेले. तिथल्या विश्वस्तांनी पाणीही विचारले नाही. प्रत्येक विषयाचे गुण विचारले, वडिलांचे उत्पन्न खोदून खोदून विचारले आणि अखेर शुल्क मंजूर केले. वर बजावले, "नापास झालास, तर मदत बंद."

बाहेर येताच विद्यार्थी पुटपुटला, "शेठजी किती गोड बोलत होते. यांचा माझ्यावर विश्वासच नाही."

गुरुजी म्हणाले, "यांना जे विचारायचं होतं, ते त्यांनी देण्याआधी विचारलं. शेठजी दिल्यानंतर विचारणार होते, आणि तेव्हा तुला नाही म्हणता आलं नसतं. त्या मुलीलाही कुणी विचारलं नसावं. तिची मान पाहिलीस ना? अरे, इथे नापास झालास, तर मदत बंद होईल आणि तू मोकळा होशील. तिथे नापास व्हायचीसुद्धा सोय नव्हती."

मदत घेताना देणाऱ्याचा गोडवा मोजू नये. त्याचे प्रश्न कशाविषयी आहेत, ते ऐकावे.

घरी पोचल्यावर विद्यार्थ्याने आईला पोहे करायला सांगितले, आणि बशीत मात्र स्वतःच्या हाताने वाढून घेतले.