खडूच्या चार खुणा

“मग दोघांतलं खोटं कोण?” दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

“जुनं,” शाल्मली म्हणाली. विचारायचाच अवकाश होता.

समोर रेंदाळकर वकिलांची साठ सालातली मोटार घुरघुरत उभी होती. अ‍ॅक्सिलरेटरला लाकडी पाचर मारून तिचा वेग एका जागी धरला होता. डॅशबोर्डावरचा जुना टॅकोमीटर सांगत होता, इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेतंय. शाल्मलीनं कॉइलला जोडलेलं नवंकोरं डिजिटल यंत्र सांगत होतं, एक हजार.

“नक्की?”

“चाचा, यात काटा नाही, स्प्रिंग नाही. चुकायला काही आहेच कुठं?”

मिस्त्री हसले नाहीत. नुसतं म्हणाले, “असं होय...”

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या गाळ्यात शाल्मलीला आठ महिने झाले होते. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी पहिल्या वर्गात घेऊन ती आली, तेव्हा मिस्त्रींनी तिला काचा पुसायला बसवलं. मग केबलींना ग्रीस लावायला. मीटर उघडायला मात्र कधीच दिलं नाही. पितळी मुठीचा बोटभर स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशातच असायचा.

“मीटर उघडायला आलं, की हा तुझा,” एवढंच ते म्हणायचे.

आज सकाळी त्यांनी तो न बोलता मडगार्डवर ठेवला होता. वकील पाचला गाडी न्यायला येणार होते. उद्या कोकणातून परतताना ते गगनबावड्याचा घाट चढणार होते, ते या काट्याच्या भरवशावर. लाल पट्ट्यापाशी काटा गेला की पाय काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

“काटा खरा की खोटा, तेवढं पोरीला सांगू दे,” असं मिस्त्री त्यांना फोनवर म्हणाले होते. ते शाल्मलीनं ऐकलं होतं.

तिनं गाडी बंद केली. स्क्रूड्रायव्हर उचलला. काट्यामागची स्प्रिंग केसाएवढी असते. एकदा चुकीची वाकली की संपलं, तसली आता कुणी बनवत नाही. पण तिला यंत्राचा आधार होता. एक हजार म्हणजे एक हजार.

तेवढ्यात सायलेन्सरमधून फाटकन आवाज आला. शाल्मली दचकून दोन पावलं मागं सरली. स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

“गाडी खोकली नुसती,” मिस्त्री म्हणाले. “तू कशाला घाबरतीस? तुझ्या मते खोटी ती आहे, तू न्हवं.”

शाल्मलीचे कान तापले.

मिस्त्री उठले. कोनाड्यातून खडूचा तुकडा घेतला आणि बॉनेटमध्ये वाकून इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक रेघ ओढली. एकच. मग शटर अर्ध्यावर ओढलं, दारातला पडदा सोडला, गाळ्यातले पांढरेशुभ्र बल्ब एकेक करून मालवले. उरली ती फक्त भिंतीवरची जुनी ट्यूब. चोक गुणगुणणारी, कडेला काळी पडलेली.

ही ट्यूब शाल्मलीच्या डोळ्यांत सलायची. दसऱ्याला तिनं स्वतः नवी एलईडी आणून दिली होती. “ठिव की, कधीतरी लागंल,” म्हणत मिस्त्रींनी ती फळीवर ठेवली. अजून खोक्यातच होती. म्हाताऱ्याचा चिकटपणा, असं तिनं मनात म्हटलं होतं.

“चालू कर. पाचर होती तिथंच असू दे.”

तिनं चावी फिरवली. पुली गरगरली. काटा पुन्हा पंधराशेवर, यंत्र पुन्हा हजारावर.

“आता ट्यूबच्या उजेडात बघ. हात लांब ठेवून.”

शाल्मली वाकली... आणि श्वास घ्यायची विसरली.

पुली थांबली होती.

इंजिन गरजत होतं, पट्टा सळसळत होता, तोंडावर वारा येत होता. आणि पुलीवर खडूच्या पांढऱ्या रेघा निवांत उभ्या होत्या, घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ असतात तशा.

“चाचा, तुम्ही एकच रेघ ओढली होती!”

“किती दिसत्यात?”

“चार.”

“चार म्हंजे पंधराशे. दोन म्हंजे तीन हजार. माझ्या उस्तादानं एवढंच शिकिवलं. हजार असते तर सहा दिसल्या असत्या.”

शाल्मलीनं बोटांवर हिशेब मांडला. मग ती हळूच बोलू लागली, जणू मोठ्यानं बोललं तर रेघा पळतील. “घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. म्हणून ही ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. एका फेऱ्यात रेघ चार वेळा उजळते... म्हणजे सेकंदाला पंचवीस फेरे. मिनिटाला पंधराशे!”

“असं होय?” मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. “चाळीस वर्सं मोजतोय. कारण आज कळालं.”

म्हणताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही. शाल्मली त्यांच्याकडे बघतच राहिली. आठ महिने रोज त्या ट्यूबखाली बसून डबा खाल्ला होता तिनं.

काटा खरा होता. मग...

“काल कुठली गाडी बघितलीस?” मिस्त्रींनी सहज विचारलं.

“ती हॉटेलवाल्यांची. मोठी, सहा...”

ती मधेच थांबली. यंत्र हातात घेऊन उलटं केलं. मागं एक बारीक बटण होतं, इंजिनाला सिलिंडर किती ते सांगायचं. कालच्या गाडीला सहा होते. वकिलांच्या गाडीला चार. बटण सहावरच राहिलं होतं.

यंत्र खोटं बोललंच नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं, तेच त्यानं धरून ठेवलं होतं.

शाल्मलीच्या डोळ्यांपुढं घाट आला. स्प्रिंग वाकवून आपण काटा खाली आणला असता. वकील त्याच्याकडे बघत पाय दाबत राहिले असते, लाल पट्टा लांब आहे अशा समजुतीत. आणि वरच्या वळणावर इंजिन...

तिनं गाडी बंद केली. चार रेघा विरघळून त्यांची एक झाली.



मिस्त्रींनी खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलला, धोतराला पुसला आणि तिच्यापुढं धरला.

“उघडतीस?”

“नाही.”

“का गं? मघाशी तर लई घाई होती.”

“बरोबर आहे ते. चूक माझी.” तिनं बटण चारवर सरकवलं आणि यंत्र मडगार्डवर ठेवलं. “तुमचा स्क्रूड्रायव्हर ठेवा, चाचा. मला अजून मीटर उघडायला येत नाही.”

मिस्त्रींनी तो घेतला नाही. तिच्या तळव्यावर ठेवला आणि आपल्या काळ्या बोटांनी तिची मूठ मिटली.

“आज आलं तुला मीटर उघडायला.”